ओळ धरणाऱ्या कुंदाताई

कुंदाताई मेश्राम यांनी आपल्यासमोर कुणाचं वाक्य पडू दिल्याचं मला आठवत नाही. वाक्य पूर्ण करायच्या नाहीत हं. ते काम नवरा-बायकोचं. कुंदाताई वाक्य नुसतं धरून ठेवायच्या.

याचा पहिला प्रसाद मला मिळाला तो चँडलरच्या ऑफिसातल्या माझ्या पहिल्या मोठ्या मीटिंगमध्ये. पुण्याहून ॲरिझोनात येऊन मला जेमतेम महिना झाला होता. चिप्स तपासायच्या विभागात मी नवा, अंगातला शर्ट नवा, आणि समोर मॅनेजर ब्रायन. हा ब्रायन पुढे माझा चांगला मित्र झाला, पण त्या दिवशी तो मला परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखा दिसत होता. मी म्हणालो, "द प्रॉब्लेम स्टार्ट्स आफ्टर हीटिंग," आणि पुढचं सगळं डोक्यातून पार गेलं. तोंड उघडं, आवाज नाही. खोलीत एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

तेवढ्यात मागच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "द प्रॉब्लेम स्टार्ट्स आफ्टर हीटिंग."

मी मान वर केली. पन्नाशी ओलांडलेल्या, आखूड केसांच्या एक बाई, पंजाबी ड्रेसवर ऑफिसचं जाकीट घातलेल्या. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा म्हणाल्या, "येस. आफ्टर हीटिंग." शेजारच्या दोघांनीही माना डोलावल्या. कुणीतरी "हीटिंग, राइट" असं पुटपुटलं. मी काहीतरी फार खोल बोलून गेलो आहे आणि मंडळी ते मुरवून घेत आहेत, असं वातावरण तयार झालं. तेवढ्यात मला पुढचं आठवलं.

मीटिंग संपल्यावर मी त्यांचे आभार मानायला गेलो.

"आभार कायले मानतो?" त्या म्हणाल्या. "कोरस दिला तुले. पुढचा अडखळला की मागच्यांनी ओळ धरून ठेवायची. सोडली की गाणं पडते."

"पण मी कुठे गात होतो?"

"ते दिसलंच मले," असं म्हणून त्या डबा गरम करायला निघून गेल्या.

त्यांचा बायोडेटा मी सांगत नाही, तो मलाही धड ठाऊक नाही. नागपूरच्या इंदोऱ्याच्या. वडील दिवसा गिरणीत कामाला आणि संध्याकाळी कव्वाली पार्टीचे मुख्य गायक. म्हणजे वस्त्यावस्त्यांमधून भीमगीतं म्हणायची, पुढे पेटी घेऊन गायक, मागे टाळ्या वाजवत कोरस. कुंदाताई शाळकरी वयापासून त्या कोरसात. इंजिनिअर झाल्या, आधी इंग्लंडला गेल्या, मग अमेरिकेत आल्या. हुद्दा वाढत गेला, पण बसायच्या मागच्याच रांगेत. "मी पुढची नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. प्रेझेंटेशन त्या करायच्या आणि ते मांडायला दुसऱ्याला उभं करायच्या. मांडणारा अडखळला की ओळ धरायला आपण तयारच.

कुंदाताईंच्या आयुष्यात दोन पार्ट्या होत्या. एक बाबांची, म्हणजे वडिलांची. दुसरी उत्तर इंग्लंडमधला एक गिटारवाला बँड. नव्वदच्या दशकात तिकडे अशा बँडांची मोठी लाट आली होती, तिला ब्रिटपॉप म्हणतात, आणि त्या लाटेवर सगळ्यात उंच बसलेल्यांपैकी ही मंडळी. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण कुंदाताईंनी ते कधी घेतलं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव टाळायच्या तितक्या निष्ठेनं त्या ते टाळायच्या. 'पोरं' म्हणायच्या. पोरांची आता गुडघे चोळायची वेळ आली असेल, पण कुंदाताईंच्या लेखी ती पोरंच.

या पोरांना अमेरिकेनं म्हणावा तितका भाव दिला नाही, हा त्यांचा या देशावरचा मुख्य आरोप. व्हिसाच्या रांगा, हेल्थ इन्शुरन्स, बेचव टोमॅटो हे सगळं त्यानंतर. ब्रायनला ब्रिटिश बँड म्हटलं की त्याच्या आजोबांच्या काळातला एकच आठवायचा. मग कुंदाताईंनी त्याला लंचरूममध्ये ब्रिटपॉप शिकवायला घेतला, आणि तो त्यांनी नागपूरच्या भाषेत शिकवला.

"सी ब्रायन, इट वॉज अ मुकाबला," त्यांनी सुरुवात केली. कव्वालीच्या मुकाबल्यात दोन पार्ट्या समोरासमोर बसतात, एकीनं सवाल टाकायचा, दुसरीनं जवाब द्यायचा, आणि पब्लिकनं दोन्हीकडून पेटायचं. इंग्लंडमध्येही तेच झालं, त्या म्हणाल्या. इकडे ही उत्तरेची कामगार वस्तीतली पोरं, तिकडे लंडनचा शिकलेला बँड. ब्रायनला उत्तर आणि लंडन कळावं म्हणून टेबलावर एका बाजूला लोणच्याची बाटली आणि दुसऱ्या बाजूला त्याचं सॅलड मांडलं.

"अँड हू वन?" ब्रायननं विचारलं.

"पब्लिक," कुंदाताई म्हणाल्या. मग त्यांनी त्याला कव्वालीची टाळी शिकवली. ब्रायनचे हात भलत्याच वेळी एकमेकांना भेटायचे. "अरे बाप्पा, माशी मारून राहिला का?" असं म्हणत त्यांनी त्याची मनगटं धरून टाळी घोटवून घेतली. तो बिचारा सहा फूट दोन इंच उंचीचा मॅनेजर दुपारच्या जेवणात टाळ्यांचा रियाज करू लागला. आमच्या मजल्यावर त्या काळात कामापेक्षा टाळ्या जास्त झाल्या असाव्यात.

कुंदाताईंबरोबर कॉफी प्यायला जाणं मात्र जोखमीचं. दुकानात कुठल्याही नव्या बँडचं गाणं लागलं की त्या कप खाली ठेवून कान टवकारायच्या. बारशाला जमलेल्या बायका पाळण्यात वाकून नाक कुणाचं आणि हनुवटी कुणाची ते ठरवतात, तशा त्या गाण्याकडे वाकायच्या. "हे बघ, ही गिटारची सुरुवात पोरांची. आवाज ओढला तो त्यांचाच. हे मधलं रडगाणं मात्र लंडनवाल्यांकडून आलं." काउंटरवरच्या मुलीला त्या सांगायच्या की या बँडला त्यांचे आईबाप कोण ते विचार. ती मुलगी गोड हसून "हॅव अ नाइस डे" म्हणायची.

एकदा माझ्यातला पुणेकर जागा झाला. मी म्हटलं, "कुंदाताई, सगळे त्यांचं उचलतात म्हणता, पण त्यांनी तरी कुठे स्वतःचं केलं? तुमच्या पोरांनी ब्रायनच्या आजोबांच्या बँडचंच उचललं होतं."

मला वाटलं आता तापतील. पण त्या खूश झाल्या.

"उचललंच ना! बाबांनी काय केलं? सिनेमातल्या चालीवर आपलं गाणं बसवलं. चाल ऐकून लोक जवळ यायचे आणि मग शब्द ऐकून बसून राहायचे. चाल उसनी असू दे रे. तिच्यावर तू कोणाले उभं केलं ते सांग."

त्या दिवशी दोघांच्या कॉफीचे पैसे मी दिले. पुणेकरावर अशी वेळ क्वचित येते, म्हणून नोंदवून ठेवतो.

त्या पोरांची गाणी म्हणणारा एक नकली बँड आमच्या इथल्या एका बारमध्ये यायचा. सगळे स्थानिक अमेरिकन. कुणी दात दुरुस्त करणारा, कुणी प्लंबर. आवाजात ओढूनताणून आणलेला इंग्लंडचा हेल. कुंदाताई मला आणि माझ्या बायकोला घेऊन गेल्या. मागच्या भिंतीजवळचं टेबल धरलं आणि लिंबू सरबत मागवलं. तिसऱ्या-चौथ्या गाण्यात गायकाचा माइक बंद पडला. बिचाऱ्याचे ओठ हलत होते आणि ऐकू काही येत नव्हतं. लोक आपापल्या ग्लासांकडे वळू लागले. तेवढ्यात आमच्या टेबलावरून ती ओळ सुरू झाली. कुंदाताई बसल्या जागी, टाळीवर, पुन्हा पुन्हा तीच ओळ. शेजारच्या टेबलानं उचलली. मग काउंटरनं. मग सगळ्या बारनं. वायर सापडून माइक सुरू होईपर्यंत त्या दोनशे माणसांनी ते गाणं जमिनीला लागू दिलं नाही.

गायक भलताच भारावला. "लेडी इन द बॅक, कम अप हिअर!" असं ओरडून तो स्टेजवर बोलवू लागला. सगळे टाळ्या वाजवत मागे वळून बघतात तर टेबलावर फक्त सरबताचा ग्लास. कुंदाताई बाहेर पार्किंगमध्ये गाडीत बसल्या होत्या, सीटबेल्ट लावून.

परत येताना माझ्या बायकोनं सरळ विचारलं, "ताई, एवढं छान गाता, मग पुढे काहून जात नाही?" ती अकोल्याची आहे, तिच्यापुढे कुंदाताई लवकर मोकळ्या व्हायच्या.

कुंदाताईंनी मग सांगितलं, त्या अकरा वर्षांच्या असताना एका वस्तीत कार्यक्रम होता. बाबांचा घसा बसला होता. गाणं त्यांनीच लिहिलेलं, 'हाती आली पाटी, आता पुसणार कोण?' धृपद झालं, पहिला अंतरा बाबांनी कसाबसा ओढला आणि दुसऱ्या अंतऱ्याला लेकीला पुढे केलं. तिनं तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. मागचा कोरस ओळ धरून बसला. पुसणार कोण, पुसणार कोण, पुसणार कोण. पोर काही अंतरा घेईना. शेवटी बाबांनी फाटक्या आवाजात तो स्वतः म्हटला.

"रागावले?" बायकोनं विचारलं.

"नाही ना. येताना भजी खाऊ घातली. रागावले असते तर बरं झालं असतं," कुंदाताई म्हणाल्या. "तेव्हापासून मी मागे."

मग म्हणाल्या की बाबा गेले तेव्हा त्या इंग्लंडमध्ये होत्या. नोकरीच्या करारामुळे जाता आलं नाही. त्या घरात कोंडून बसल्या होत्या, तर घरमालकीण डोरीन, साठीची, लाल रंगवलेल्या केसांची बाई, हिनं ओढून त्यांना पोरांच्या कार्यक्रमाला नेलं. उघडं मैदान, चिखल, आणि फुटबॉलला येतात तशी माणसं. एका गाण्यात गायकानं गाणं थांबवून माइक लोकांसमोर धरला आणि पूर्ण मैदान गाऊ लागलं.

"बाबांच्या मौतीले कोरस नव्हता माझा," त्या म्हणाल्या. "तिथं मिळाला. मी रडत होती आणि डोरीन मले सिगारेट देऊन राहिली होती."

मला त्या बाईंबद्दल त्या क्षणी फार माया वाटली, आणि त्या डोरीनबद्दलही.

बाबांचं ते गाणं चँडलरमध्ये दर वर्षी एप्रिलातल्या भीमजयंतीला व्हायचं. एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्यानं घ्यायचे, निळे झेंडे लागायचे, मुलांची भाषणं इंग्रजीत आणि जेवण नागपुरी. शेवटचं गाणं हेच. पुढे कुंदाताईंनी गाणं शिकवलेले वानखडेकाका, मागे कुंदाताईंचा कोरस. हे गाणं दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. कधी रेकॉर्ड झालं नाही, कुठे छापलं गेलं नाही. पूर्ण शब्द वानखडेकाकांना आणि कुंदाताईंना, बस.

आणि एका फेब्रुवारीत वानखडेकाका मुलाकडे राहायला डॅलसला गेले. प्रवास आता झेपत नाही म्हणाले. जयंती कमिटीच्या गजभियेंनी सुचवलं की काकांकडून फोनवर रेकॉर्ड करून मागवू आणि स्पीकरवर लावू.

"मशीनले कोरस देऊ?" कुंदाताई म्हणाल्या. "मशीन अडखळत नाही. मग माझं काम काय?"

त्यांनी मुलीला, प्रेरणाला, फोन लावला. प्रेरणा विमानानं तीन तासांवरच्या बेलव्ह्यूला नोकरी करते, फावल्या वेळात गिटार वाजवते. लहानपणी तिला झोपवायला कुंदाताईंनी अंगाई म्हणून पोरांचीच गाणी म्हटली होती, त्यामुळे ती सगळी तिला तोंडपाठ. आजोबांचं मात्र धृपदाच्या पुढे एक अक्षर नाही. ऑफिसच्या पार्किंगमध्ये स्पीकरवर चाललेलं ते बोलणं मी ऐकलं.

"तू पुढे उभी राहा. मी शब्द पाठवते."

"मम्मा, आय कान्ट. माझं मराठी ऐकून आजोबा उठून बसतील."

"मग गाणं संपलं समज."

"नो. यू सिंग इट. मी येते ना. आय विल डू द कोरस."

कुंदाताईंनी फोन ठेवला. मग मला म्हणाल्या, "पोरगी शहाणी झाली रे. डोक्याले ताप आहे."

त्यानंतर जयंतीपर्यंत रोज लंचला त्या गाडीत बसून रियाज करायच्या. काचा बंद, एसी बंद, कारण एसीच्या आवाजात सूर कळत नाही. ॲरिझोनाच्या उन्हात. लालबुंद होऊन बाहेर यायच्या. सिक्युरिटीवाल्यानं एकदा काचेवर टकटक करून "मॅम, आर यू ओके?" विचारलं, तर म्हणाल्या, "नो." दुसरा अंतरा त्यांना कुठेही यायचा, जिन्यात, लिफ्टमध्ये, पण गाडीतल्या आरशात स्वतःकडे बघून म्हणायला गेलं की जायचा. कोरसात मला आणि ब्रायनला घेतलं होतं. ब्रायनची टाळी तोवर वेळेवर पडू लागली होती. त्यानं निळा शर्ट इस्त्री करून घेतला आणि "पुसणार कोण"चा अर्थ तीनदा विचारला. हू विल इरेज इट. "नोबडी," तो स्वतःच म्हणाला. "राइट?"

जयंतीला कॅफेटेरिया भरला होता. प्रेरणा विमानतळावरून थेट आली, गिटार घेऊन, मागे आमच्यात उभी राहिली आणि पोरांच्या गाण्यात असते तशी साधी, दणकट लय तिनं धरली. कुंदाताई पुढे. निळी साडी, हातात माइक, आणि तो दोन्ही हातांनी इतका घट्ट धरलेला की मला काळजी वाटली. धृपद छान झालं. पहिला अंतरा तर वानखडेकाकांपेक्षा बरा झाला, हे मी काकांच्या माघारी लिहितो.

दुसरा अंतरा आला आणि कुंदाताई थांबल्या.

मी त्यांच्या मागेच होतो. मला त्यांचे खांदे दिसले. बारमधल्या त्या रात्रीसारखे ते दरवाजाकडे वळणार असं मला वाटलं. प्रेरणानं गिटार थांबवली नाही. ती गाऊ लागली, "हाती आली पाटी, आता पुसणार कोण?" तिचा 'ण' अमेरिकन, पण आवाज आईचा. आम्ही उचललं. ब्रायन गरजला, शब्द त्याच्या तोंडात जमेल तसे. मग पुढच्या रांगेतल्या बायका, मग जेवणाच्या टेबलामागचे लोक, मग ती सगळी इंग्रजीत भाषणं केलेली मुलं. पुसणार कोण, पुसणार कोण. कुणी घाई केली नाही. कुणी हाताला धरून त्यांना बसवलं नाही. ओळ नुसती धरून ठेवली.

कुंदाताईंनी मागे वळून लेकीकडे बघितलं. लेकीनं आईचीच मान डोलावली, मीटिंगमध्ये मला पाहून डोलावलेली तीच.

आणि अंतरा आला. अकरा वर्षांच्या पोरीचा राहिलेला अंतरा, सगळा, एकही शब्द न गाळता. तो संपला तेव्हा त्यांनी माइक आमच्यासमोर धरला, त्या मैदानातल्या गायकासारखा, आणि स्वतः कमरेवर हात ठेवून ऐकत उभ्या राहिल्या. हसत होत्या. मला चष्मा पुसावा लागला. ब्रायन तर सरळ रडत होता, आणि रडतानाही त्याची टाळी चुकली नाही.

जेवणाच्या रांगेत मी म्हटलं, "कुंदाताई, आता तुम्ही पुढच्या."

"छट्," त्या म्हणाल्या. "एक अंतरा उधार होता, तो झाला." आणि रांगेत माझ्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. प्रेरणानं मात्र त्या संध्याकाळी अख्खं गाणं आईकडून म्हणवून घेतलं आणि स्वतः म्हणून पाठ केलं.

त्याच वर्षी थंडीच्या सुरुवातीला कुंदाताई निवृत्त होऊन बेलव्ह्यूला लेकीकडे गेल्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ऑफिसातल्या निरोपाच्या दिवशी. केक होता, लंचरूम गच्च भरली होती, आणि सत्कारमूर्ती शोधावी लागत होती, कारण त्या पार मागे, कॉफीच्या मशीनजवळ उभ्या होत्या. ब्रायननं भाषण सुरू केलं. मुकाबला सांगितला, लोणच्याची बाटली सांगितली, लोक हसले. मग तो म्हणाला, "देअर इज ओन्ली वन कुंदा," आणि त्याचा आवाज गेला. तोंड उघडं, शब्द नाही. सगळे खाली बघू लागले.

मी मागे बघितलं. कुंदाताईंची पंचाईत झाली होती. बोलावं तर स्वतःचीच स्तुती, न बोलावं तर पुढचा एकटा पडतो. त्यांनी फार विचार केला नाही. चेहरा एकदम गंभीर ठेवून, हाताची टाळी धरून, खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या, "देअर इज ओन्ली वन कुंदा."

आणि आम्ही सगळ्यांनी ती ओळ उचलली.